मसाल्याच्या डब्यांखालचा लेख

पहिला लॉकडाउन लागला तेव्हा मी कामांची यादी करून फ्रिजवर चिकटवली. पहिलं काम: स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर नवे कागद घालणे. बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या आमच्या घरी पेपर येत नाही. पण वरच्या मजल्यावरच्या डच बाईंनी, वय ऐंशीच्या पुढे, दिवंगत नवऱ्याच्या जुन्या पेपरांचे गठ्ठे लिफ्टजवळ ठेवलेले दिसले.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या, "नाहीतरी रद्दीच्या कंटेनरमध्येच जायचेत."

एवढी छान रद्दी! सगळ्या फळ्या झाल्या. यादीवर टिक केली.

काही आठवड्यांनी त्या आमच्या दाराबाहेर, दीड मीटर अंतर ठेवून उभ्या. "पेपर उरलेत का हो?"

त्यांची धाकटी बहीण लग्न करून दक्षिण आफ्रिकेत गेलेली. पन्नासेक वर्षांपूर्वी एकदा सुटीत आली असताना जेवताना सहज बोलली की, तिच्या गावच्या पोस्टात काळ्यांची खिडकी वेगळी आहे, बागेत बाकं वेगळी आहेत, आणि तेच सगळ्यांना सोयीचं पडतं. बाईंचा नवरा एका डाव्या वर्तमानपत्रात वर्णभेदाविरुद्ध लिहायचा. त्याने मेहुणीचं बोलणं जसंच्या तसं छापलं. नाव दिलं नव्हतं, तरी ओळखीच्यांनी ओळखलंच. बहिणीने लेख न वाचताच बोलणं टाकलं. आता एकटी, घरात अडकलेली ती फोन करून म्हणत होती, "त्याने काय लिहिलं होतं ते मला वाचून दाखव."

आम्ही डबे उतरवायला लागलो.

"आई, यू पुट मसाला ऑन हिस्टरी!" मुलगी म्हणाली.

"हिस्टरी नंतर. आधी तो गोड्या मसाल्याचा डबा धर."

लेख त्याच डब्याखाली निघाला. वर मसाल्याचं तपकिरी वर्तुळ.

"वाचू?" बाईंनी मला विचारलं. "की सापडला नाही म्हणून सांगू?"

एरवी माझ्याकडे उत्तर तयार असतं. ते लिहिणं गरजेचंच होतं, यात मला शंका नव्हती. पण घरी जेवायला आलेल्या माणसाचं बोलणं पेपरात? आमच्या पुण्याच्या घरी कामाच्या बाईंचा कप वेगळा असायचा. कुणी पाहुण्याने ते छापलं असतं तर आईने त्याचं तोंड पुन्हा बघितलं नसतं. आणि तो पाहुणा चुकला, असंही मला म्हणता येत नव्हतं.

"मला नाही कळत," मी म्हणाले.

बाईंनी जिन्यातच बसून फोन लावला, स्पीकरवर. लेख सगळा वाचला.

"काळ्यांची खिडकी मागच्या दाराला होती," बहीण म्हणाली. "त्याने बाजूच्या दाराला लिहिलंय."

"आणि बाकी?"

"बाकी मी बोलले होते तेच आहे. पुन्हा वाच."

ती रागावली होती का, मला आवाजावरून कळेना. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातला डबा पायरीवर ठेवला. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.