आश्रुबाच्या नावाचं कूपन

छबुबाई माझी शेजारीण. तिच्याएवढी चिकट बाई उभ्या आष्टी तालुक्यात सापडायची न्हाई. चहाच्या पुड्यावरची कुपनं कापून कापून तिनं सहा स्टीलच्या वाट्या मिळवल्या. तेल गावात कधी घेतलं न्हाई. ओढ्यापल्याड नगर जिल्हा, तिथं जामखेडच्या बाजारात लिटरमागं चार रुपये स्वस्त, म्हणून ही बया उन्हातान्हात पायी जायची. मी म्हणायचे, "छबे, चार रुपयांपायी चपला झिजवतीस!" तर म्हणायची, "मुक्ते, त्या मी हातात घेऊनच चालते."

पण खरी बचत दिवाळीची. तिचा मालक आश्रुबा साखर कारखान्याचा सभासद. सभासदाला दिवाळीला कुपनावर पन्नास किलो साखर, तीही निम्म्या भावात. आश्रुबा वारला आन् कूपन बंद पडायची पाळी आली. वारस लावायचा तर दोन्ही दिरांच्या सह्या पाहिजेत, आन् ते मुडदे शेअरवरच टपलेले. मग छबुबाईनं कारखान्याला कळवलंच न्हाई.

दर दिवाळीला आमी दोघी एसटीनं जायचो. गेटाअलीकडं बाभळीमागं ती कपाळाला कुंकू लावायची, गळ्यात काळी पोत घालायची. मी उगं चेष्टा करायचे, "नवरी दिसतीस, बये!" खिडकीतला कारकून गहिनीनाथ शिक्का मारता मारता इचारायचा, "मालक कसे हायत?"

"बरं हाय त्यांचं. गुडघे दुखतेत जरा."

दर साली नवं दुखणं सांगायची. निम्मी साखर ती जामखेडला इकायची, तिकडं कुणी वळखत न्हाई. त्यात सगळ्या साखरेचे पैसे निघायचे, उरलेली घरात फुकट. सहा वर्सं असं चाललं.

त्यातली शेवटची दोन वर्सं पाऊस न्हाई. ऊसच न्हाई तर गाळप कशाचं? कारखान्यानं हात आखडला. पुढच्या दिवाळीला खिडकीत अंगठ्याचं यंत्र ठेवलेलं. गहिनीनाथ म्हणाला, "मावशी, आता सभासदाचाच अंगठा लागतो. मालकाला आणा. त्यांना झेपत नसंल तर मी यंत्र घेऊन घरी येतो."

भला माणूस! पण घरी येऊन अंगठा घेणार कुणाचा? मागं रांग खोळंबलेली. छबुबाई खिडकीचा गज धरून उभी. मग हळूच म्हणाली, "नका येऊ, भाऊ. ते न्हाईत."

"कधी गेले?"

"सहा वर्सं झाली."

गहिनीनाथानं तिच्या कपाळाकडं बघितलं, मान खाली घातली आन् कूपन ठेवून घेतलं. रांगेतला एक जण फिदीफिदी हसला. त्याच्या थोबाडात द्यायला माझा हात शिवशिवत होता.

एसटीत मी तिची समजूत काढत बसले. साखर गेली तर गेली, गूळ खाऊ, दिरांच्या नाकावर टिच्चून वारस लावू. ती आपली बाहेर बघत होती.

"साखरेचं न्हाई गं, मुक्ते," ती म्हणाली. "गावात त्यांचं नाव बी कुणी काढत न्हाई. वर्सातून एकदा तेवढा तो कारकून इचारायचा, मालक कसे हायत. आन् मी सांगायचे. आता कोण इचारतंय?"