घोडीचे जास्तीचे सहा दात

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात हाडांची एक खोली आहे. तिथल्या तिसऱ्या कपाटात एका घोडीचा खालचा जबडा ठेवलेला आहे आणि त्याला सहा दात जास्त आहेत. दर वर्षी नवी मुलं तो पाहून खिदळतात. खोली सांभाळणाऱ्या बाई त्यांना पोटभर हसू देतात आणि मग म्हणतात, "एका कारागिराने बसवलेत ते. चूक आहे, पण काम बघा." एवढं बोलून त्या कपाट लावून घेतात. एकतीस वर्षं त्या इतकंच सांगत आल्या. पुढचं सांगायला त्यांची जीभ रेटत नसे.

हे घडलं तेव्हा बाई एकोणीस वर्षांच्या होत्या आणि घरात त्यांना सगळे धाकटी म्हणत.

धाकटीचे वडील कवळ्या करत. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन साचे पाठवत आणि वडील घराच्या पुढच्या खोलीत बसून त्या साच्यांवर दात रचत. खिडकीच्या कट्ट्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत ठेवलेले असत, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव लिहिलेलं. घासायच्या यंत्राची घरघर दिवसभर चाले. वडिलांच्या अंगठ्याला हिरड्यांच्या रंगाचं गुलाबी मेण कायम लागलेलं असायचं. जेवायला बसण्याआधी ते दोनदा साबण लावत, तरी नखाच्या कडेला गुलाबी रेघ राहायचीच.

शाळेत असताना धाकटीची एक मैत्रीण घरी आली होती. पाणी प्यायला तिने कट्ट्यावरचा पेला उचलला, तर आत कवळी. ती किंचाळली ती थेट रस्त्यावर जाऊनच थांबली. दुसऱ्या दिवशी वर्गात धाकटीचं नाव "बोळकी" पडलं. त्यानंतर तिने कोणालाही घरी आणलं नाही. कॉलेजच्या प्रवेशाच्या फॉर्मवर "पालकांचा व्यवसाय" असा रकाना होता. त्यात तिने लिहिलं, "वैद्यकीय". वडिलांनी सही करण्याआधी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. मध्ये एके ठिकाणी ते जरा थांबले. मग सही केली. त्यांचं लक्ष गेलं नसेल, अशी धाकटीने स्वतःची समजूत घातली.

दुसरं वर्ष संपत आलं आणि विशेष विषय निवडायची वेळ आली. रसायन, वनस्पती किंवा प्राणी, तिन्हींपैकी एक. धाकटीने आईला रसायन सांगितलं, कारण मावशीच्या मुलीने तेच घेतलं होतं. बाकावर शेजारी बसणाऱ्या चष्मिषला वनस्पती सांगितलं, कारण चष्मिष वनस्पती घेणार होती. शेजारच्या काकूंना ती म्हणाली, "अजून ठरलं नाही."

"अगं, चपला घेतानासुद्धा मी एवढा घोळ घालत नाही," काकू म्हणाल्या. "पाय घालून बघ, चावली तर दुसरी."

धाकटी हसली, पण आतून कानकोंडी झाली. तिने कशातच पाय घालून पाहिला नव्हता. दोन वर्षं ती चष्मिषच्या वहीतल्या आकृत्या आपल्या वहीत उतरवत होती. त्या छान उतरत. खाली बाणही सुरेख काढलेले असत. बाणाच्या टोकाशी काय आहे, ते मात्र तिला ठाऊक नसे. इतर मुली आपापल्या विषयावर भांडत, तेव्हा ती मान डोलवत बसे. आपल्याला काहीच आवडत नाही, ही गोष्ट कोणाला कळली तर काय तोंड दाखवायचं, याचीच तिला धास्ती होती.

विषयाचा फॉर्म सोमवारी द्यायचा होता. वडिलांची सही झाली होती, व्यवसायाच्या रकान्यात याही वेळी "वैद्यकीय" होतं, विषयाचा रकाना तेवढा कोरा होता. त्याआधीच्या गुरुवारी प्रात्यक्षिकानंतर मॅडमनी तिला घोडीचा जबडा कपाटात ठेवायला सांगितलं. तिचं लक्ष चष्मिषच्या बोलण्याकडे होतं. जबडा हातातून निसटला, फरशीवर आपटला आणि पुढच्या दातांमागे जिथे तो अरुंद होतो, तिथे आडवा मोडून त्याचे दोन तुकडे झाले.

मॅडम बाहेर गेल्या होत्या. तिने दोन्ही तुकडे ओढणीत गुंडाळून पिशवीत घातले आणि घर गाठलं. ज्या खोलीची तिला लाज वाटे, तिथेच तिने ते टेबलावर ठेवले.

वडिलांनी तुकडे उचलून उजेडात धरले. "हे माणसाचं नाही."

"घोडीचं आहे. बाबा, सोमवारपर्यंत जोडून द्याल?"

"घोडीला कवळी!" वडिलांचा चेहरा उजळला. "अगं ऐकलंस का?" त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून आईला हाक मारली. "पहिलं गिऱ्हाईक असं, जे टोचतंय म्हणून परत येणार नाही!"

"मग तुम्हाला करमणार कसं?" आई आतून म्हणाली.

वडील जबडा फिरवून पाहत होते. पुढे सहा दात, मग दोन्ही बाजूंना चार-चार बोटं रिकामी जागा, मग मागच्या दाढा. "मधले दात कुठे आहेत गं? पडले तेव्हा गोळा केले नाहीस?"

धाकटी खिडकीशी उभी राहून फॉर्मकडे बघत होती. "हरवले असतील," ती न वळताच म्हणाली.

शुक्रवार, शनिवार, रविवार, वडिलांनी डॉक्टरांची कामं बाजूला ठेवली. मागच्या दाढा कशा झिजल्या आहेत ते भिंगातून पाहिलं, झिजेचा उतार कागदावर काढला आणि नव्या दातांना तोच उतार दिला. रंग जुळावा म्हणून दात चहाच्या पाण्यात ठेवले. मधूनमधून ते हाक मारत, "बघ तरी जरा!" धाकटी म्हणे, "आले, आले," आणि जात नसे. सोमवारी सकाळी तिने जबडा कापडात गुंडाळलेलाच उचलला. घाईत फॉर्म घरीच राहिला.

वर्गात "पडून मोडला होता, जोडून आणलाय" म्हणत धाकटीने तो पुढे केला. मॅडमनी कापड उलगडलं आणि त्या बघतच राहिल्या. मग पहिल्या बाकावरून कोणीतरी फसकन हसलं आणि वर्गभर हसू पसरलं. घोडीच्या जबड्यात ती जागा मोकळीच असते. तिथे कधी काही नसतंच. लगाम तिथेच बसतो. वडिलांनी त्या मोकळ्या जागेत एकेका बाजूला तीन, असे सहा सुबक दात बसवले होते. मोडलेला सांधा गुलाबी हिरडीने झाकला होता.

"कोणी केलं हे?" मॅडमनी विचारलं.

"बाजारात एक माणूस आहे," धाकटी म्हणाली. कान तापले होते. "कवळ्या करतो. अडाणी आहे, मॅडम. त्याला काय कळतंय?"

हे म्हणताना तिची नजर दाराकडे गेली. दारात वडील उभे होते. अंगात कामाचा डगला, हातात तिचा फॉर्म.

आता ते हाक मारणार, असं तिला वाटलं. वडिलांनी हाक मारली नाही. ते मॅडमकडे पाहून म्हणाले, "मीच तो, बाई. चूक झाली. माणसाच्या तोंडात मोकळी जागा दिसली की भरायची, एवढंच शिकलोय. म्हणाल तेव्हा येऊन काढून देईन." मग फॉर्म पुढे करून म्हणाले, "आणि हा कागद बाहेर पडला होता. इथल्याच कोणा मुलीचा असेल."

आणि ते गेले. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू येत होती. धाकटी जागची हलली नाही. उठावं, धावावं, असं शंभरदा मनात आलं, पण वर्ग बघत होता, आणि ती तास संपेपर्यंत तशीच बसून राहिली. पुढे आयुष्यभर तिला जास्त बोचलं ते हे बसून राहणं. एक शब्द तोंडून निसटू शकतो. चाळीस मिनिटं कशी निसटतील?

तास सुटल्यावर मॅडमनी तिला थांबवलं. फॉर्मवर पालकांच्या सहीशेजारी अंगठ्याचा गुलाबी डाग होता. जबड्यावरच्या हिरडीचाच रंग. मॅडमनी एकदा डागाकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे. त्यांनी तिची वही उघडली. घोडीच्या जबड्याची आकृती अचूक होती, मोकळी जागा तशीच मोकळी ठेवलेली, तिच्याकडे बाणही काढलेला.

"हे तू पाहून काढलंस?"

"नाही," धाकटी म्हणाली. "दुसरीच्या वहीतून."

"त्या माणसाने पाहिलंय," मॅडम म्हणाल्या. "उत्तर चुकलं त्याचं, पण दाढांचा उतार बघ. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने तो टिपला नव्हता." त्यांनी फॉर्म तिच्या हातात दिला. विषयाचा रकाना कोरा होता. "उद्या आणून दे."

घरी यंत्राची घरघर चालू होती. वडिलांनी मान वर न करताच म्हटलं, "जेवून घे. आई थांबलीय." धाकटीने माफी मागायची म्हणून तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "बाबा, पेन आहे का?"

त्यांनी खिशातलं पेन दिलं. तिथेच उभं राहून तिने "वैद्यकीय" खोडलं आणि लिहिलं, "कवळ्या तयार करणे". मग विषयाच्या रकान्यात लिहिलं, "प्राणी".

वडिलांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं. "माझ्यासाठी घेऊ नकोस हो."

"तुमच्यासाठी नाही. मी अजून एकदाही नीट बघितलेलं नाही काही."

"हं," वडील म्हणाले. "मग ते दात काढायला कधी येऊ?"

"नका काढू."

त्या दिवसाबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. धाकटीने प्राणिशास्त्र केलं. पहिलं वर्ष तिला फार जड गेलं. वडिलांचं भिंग ती कॉलेजात नेई. हळूहळू हाडं तिला दिसू लागली, मग समजू लागली, आणि पुढे त्याच विभागात हाडांची खोली तिच्याकडे आली. नमुन्यांचे साचे काढायला ती वडिलांकडूनच शिकली. वडील गेले त्या वर्षीही ती नव्या मुलांना एवढंच म्हणाली, "एका कारागिराने बसवलेत ते."

निवृत्तीच्या आधीचं शेवटचं वर्ष. नवी मुलं हसली, बाई नेहमीचं बोलल्या आणि कपाट लावायला वळल्या. मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तो कारागीर कोण होता?"

कपाटाचं दार त्यांच्या हातात अर्धवट उघडं राहिलं.

"माझे वडील," बाई म्हणाल्या. मग जबडा बाहेर काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि भिंग त्या मुलीपुढे सरकवलं. "भर वर्गात मी त्यांना अडाणी म्हणाले होते. ते दारातच उभे होते. ये, जवळ येऊन बघ."