दुसऱ्या मास्तरांचं सहामाहीचं गणित

पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती आमच्या दुसऱ्या मास्तरांनी जून महिन्यात आखून दिल्याप्रमाणे, असं मला त्या काळी कोणी सांगितलं असतं, तर मी ते तिसरीच्या वर्गाला बिनदिक्कत शिकवून टाकलं असतं. एक तर मला भूगोल यथातथाच येत होता, आणि दुसरं म्हणजे त्या माणसाचा आखणीवर इतका गाढ विश्वास होता, की नागपुरातला सूर्य तरी त्यांना विचारल्यावाचून उगवत नसावा अशी मला मनातून शंका होती. ते पदाने दुसरे मास्तर होते. वस्तीतही त्यांना दुसरे मास्तरच म्हणत. मोठे मास्तर कचेरी सांभाळत आणि वर्ग घेत नसत. चौथी दुसऱ्या मास्तरांकडे, तिसरी माझ्याकडे, आणि खालचे दोन वर्ग एका बाईंकडे. चारही वर्गांचं गणित आखण्याचं काम मात्र दुसऱ्या मास्तरांनी स्वतःकडे ओढून घेतलं होतं, आणि ते काढून घेण्याची हिंमत कोणाच्यात नव्हती.

आमची शाळा विणकरांच्या वस्तीत. चारी बाजूंनी मागांचा खटखटाट चालायचा, आणि पोरं पाढे म्हणायची तीही त्याच तालावर. सुटी संपायला आठवडा राहिला, की दुसरे मास्तर घरच्या ओसरीवर आखणीला बसत. कापडाच्या ठाणांना गुंडाळून येतो तो खाकी कागद ते वर्षभर जमवत, एकाला एक चिकटवून त्याची धोतराएवढी लांब पट्टी करत आणि ओसरीभर पसरत. वारा आला की ती उडायची, म्हणून चार कोपऱ्यांवर फुटक्या पाट्या ठेवलेल्या. शेजारी पंचांग, तीन रंगांच्या पेन्सिली, आणि स्वतः मास्तर गुडघ्यांवर रांगत आषाढातून श्रावणात, श्रावणातून भाद्रपदात असे सरकत. मध्येच कोणी भेटायला आलं, तर "थांबा गा, पोळ्यात आहे," असं आतून उत्तर यायचं. पाहुणा पोळा संपेपर्यंत उन्हात उभा.

काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, या आखणीचं काडीचं कौतुक नव्हतं. एकदा मला पोहे देताना म्हणाल्या, "मास्तर, यायनं लग्नाच्या पहिल्या वर्षी मलेही असंच आखून ठेवलं होतं. पहिल्या पंधरवड्यात ओळख, दुसऱ्यात स्वयंपाक, तिसऱ्यात पहिलं भांडण."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. भांडण पहिल्याच पंधरवड्यात झालं. तवापासून मी यायच्या कागदावर नाही."

मास्तर रांगता रांगताच म्हणाले, "भांडणाले मी दिवस कमी धरले होते. ती चूक माह्यीच."

दुसऱ्या शाळांतले मास्तर पुस्तक उघडत, पानं मोजत आणि पानांना आठवड्यांनी भागून मोकळे होत. आमच्या मास्तरांना ही गोष्ट पाप वाटे. त्यांची सुरुवात पुस्तकापासून व्हायचीच नाही. ती व्हायची गल्लीपासून. सूत आलं, की विणकर उभ्या धाग्यांचा ताणा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणतात, त्याला खळ लावतात आणि ऊन चढायच्या आत कुंचल्याने साफ करतात. त्याला पांजण म्हणतात. त्या दिवशी घरातलं शेंबडं पोरही कामाला लागतं, आणि वर्ग अर्धा रिकामा. म्हणून मास्तर जूनमध्येच वहाणा घालून दारोदार फिरत.

"औंदा श्रावणात पांजण कधी गा?"

"सूत हाती येईल तवा, मास्तर," एक म्हातारा विणकर म्हणायचा.

"तरी मोघम?"

"मोघम म्हणजे सोमवार नाही."

मास्तर खिशातून चिठोरं काढून निळ्या पेन्सिलीने 'सोमवार नाही' असं लिहून घेत. मग म्हातारा बायकोकडे वळून म्हणे, "हे पोट्ट्यायले शिकवून राहिले का मले, काही समजत नाही."

पण पांजणीच्या दिवशी मास्तरांच्या वर्गात नवं काही निघायचं नाही. जी पोरं आली ती उजळणी करत, आणि न आलेल्यांचं काही बुडत नसे. श्रावणी सोमवारी अर्धी पोरं उपाशी आणि अर्धी उपासाचं खाऊन सुस्त, तेव्हा गुणाकार वर्ज्य; पट्टी घेऊन रेघा ओढायच्या. तान्ह्या पोळ्याच्या पुढच्या दिवशी पोरं लाकडी बैल दप्तरात घालून आणायचीच. मी ते जप्त करून कपाटात कोंडायचो आणि दिवसभर रडणं ऐकायचो. मास्तर म्हणत, "बैल येणारच आहे तर त्याले कामाले लाव ना." त्यांच्या वर्गात त्या दिवशी बैलांची शिंगापासून शेपटीपर्यंत मोजणी चाले, कोणाचा बैल किती विती लांब, दोघांचे मिळून किती. बेरीज चुकली की बैलाची अब्रू जायची, त्यामुळे बेरीज चुकत नसे.

डिप्टी साहेब तपासणीला कधी येणार, हेसुद्धा कागदावर असायचं. ते मास्तरांना कोणी कळवत नसे, ते काढत. "पंधरा ऑगस्टपर्यंत साहेब हारतुऱ्यात. मग पोळा. मग घरी गणपती. पितृपक्षात ते कोणत्याच शाळेचा चहा पीत नाहीत. उरले किती दिवस, सांग." मी बोटं मोजत बसायचो. तोवर त्यांनी लाल पेन्सिलीने आठवडा रंगवलेलाही असायचा.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला अजून खाली बघावंसं वाटतं. नव्या पैशांचं, म्हणजे आणे जाऊन शंभर पैशांचा रुपया आला ते वर्ष होतं. मी हंगामी मास्तर. उमरेडच्या एका घरी माझं लग्न ठरल्यासारखं होतं, 'ठरल्यासारखं' अशासाठी, की मुलीच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, "नोकरी कायम झाली की या. तोपर्यंत पत्रसुद्धा नको." कायम होणं होतं डिप्टी साहेबांच्या हाती, आणि साहेब पहिल्यांदा बघत ती टाचणवही, म्हणजे रोज कोणता धडा कसा शिकवणार हे आधी टाचून ठेवण्याची वही. माझी टाचणवही जूनपासून कोरी होती. मी स्वभावाने असा, की उद्याचं आज लिहिणं मला उद्धटपणा वाटे.

साहेब येणार म्हणून मोठ्या मास्तरांनी शनिवारी सांगितलं, तेव्हा मी पळत दुसऱ्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी पहिल्या सहामाहीच्या आखणीची गुंडाळी माझ्या हाती ठेवली आणि म्हणाले, "वाच. नकलू नको. तिसरीतले पोट्टे तुह्ये आहेत, त्यायले तूच ओळखतं."

मी मान डोलावली आणि घरी जाऊन रविवारी संध्याकाळपर्यंत सगळी गुंडाळी अक्षरन् अक्षर नकलून काढली. वाचली मात्र नाही. नक्कल करणाऱ्याला वाचायची गरज नसते, असा माझा समज होता.

साहेब मंगळवारी आले. कोट, सोला हॅट, मिशा कातरलेल्या. माझ्या वर्गात मागे बसले आणि म्हणाले, "आजचा नवा धडा चालू द्या." नकललेल्या वहीत त्या दिवसापुढे भागाकार दिसला, म्हणून मी फळ्यावर भागाकाराचं उदाहरण लिहायला घेतलं. ते पुरं व्हायच्या आत पहिल्या रांगेतल्या एका मुलीने उत्तर सांगितलं. दुसरं लिहिलं, त्याचंही उत्तर दोघांनी मिळून दिलं.

"हुशार आहे वर्ग," साहेब म्हणाले. "धडा नवा आहे ना?"

"हो साहेब."

"नाही गुरुजी," ती मुलगी मदतीच्या भावनेने म्हणाली, "हे तर राखीच्या आधी झालं."

साहेबांनी टाचणवही मागितली. कचेरीत टेबलाशी बसून ती उघडली. मी समोर उभा, मोठे मास्तर बाजूला, चहा कपात. साहेबांनी दोन-तीन पानं उलटली. मग त्यांनी विचारलं, "तुमची दाढ काढली का?"

मला काही कळेना. "नाही साहेब. काढू का?"

"इथे लिहिलंय, 'बुधवारी माझी दाढ काढायची आहे, वर्गाकडून पाढे म्हणवून घेणे.'" मोठे मास्तर चहात ठसकले. साहेबही हसले, खोटं कशाला बोलू. पण पुढचं पान उलटलं आणि त्यांचं हसू मावळलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "'या आठवड्यात साहेब येतील. मागच्या महिन्यातला झालेला धडा आज नवा म्हणून घ्यावा.'"

साहेब म्हणाले, "तपासणीची इतकी सुंदर थट्टा मी शाईने लिहिलेली पाहिली नव्हती. हे तुमच्या डोक्यातून निघालं?"

मी तोंड उघडलं. उमरेडचं घर डोळ्यांपुढे आलं. मी तोंड मिटलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "माह्या डोक्यातून निघालं, साहेब." दुसरे मास्तर हाताचा खडू झटकत आत आले. "मीच त्याले म्हणलं, जसं आहे तसं उतरव, काना-मात्रा बदलू नको. नवा माणूस आहे. त्यानं ऐकलं."

"आणि या वाक्याचा अर्थ काय?"

"अर्थ सोपा आहे. कोटातला माणूस मागं बसला की पोट्टे भिते. भेलेल्या पोट्ट्याले नवं काही उतरत नाही. उलट त्याले गणिताचीच भीती बसते, ती मग चौथीपर्यंत निघत नाही. म्हणून त्या दिवशी येतं तेच घ्यावं."

"म्हणजे मी मुलांना भिववायला येतो?"

"तुम्ही नाही साहेब. कोट."

साहेबांनी कोटाचं बटण लावलं आणि शेरा लिहिला. माझ्या बाबतीत लिहिलं, की शिक्षक होतकरू, मार्गदर्शन चुकीचे मिळाले, कायम करण्यास हरकत नाही. मार्गदर्शन कोणाचं, ते दुसऱ्या मास्तरांच्या सर्व्हिस बुकात गेलं. मोठे मास्तर दिवाळीला निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्या खुर्चीवर दुसरे मास्तर बसणार, हे वस्तीतल्या मागांनासुद्धा ठाऊक होतं. दिवाळीनंतर खुर्चीवर दुसऱ्या शाळेतून आलेले एक गृहस्थ बसले.

मार्गशीर्षात माझं लग्न झालं. दुसरे मास्तर आणि काकू उमरेडला आले, पोटभर जेवले, आणि मुहूर्त टळून अक्षता उशिरा पडल्या याबद्दल भटजींची खरडपट्टीही काढून आले. मी पुढे दोन-तीनदा तो विषय काढायचा प्रयत्न केला. साहेबांना पत्र लिहून खरं काय ते कळवतो, असंही म्हणालो. ते म्हणत, "तुह्या वर्गात गोंगाट होऊन राहिला गा. जा." आणि खरं सांगायचं तर मी सुटल्यासारखा जात असे. एकच गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटली होती. दुसऱ्या सहामाहीची गुंडाळी ते जूनमध्येच करून ठेवत. त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत त्यांनी ती बाजूला टाकली आणि दोन दिवस रांगून नवी केली. आखलेलं मोडून पुन्हा आखताना त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. मी समजलो, साहेबांचा धसका घेतला असेल.

ते निवृत्त झाले तेव्हाही दुसरे मास्तरच होते. घरी गेलो तर काकू माळा आवरत होत्या. सगळ्या गुंडाळ्या ओसरीवर आणून टाकल्या आणि म्हणाल्या, "चुलीले लावू का तुम्ही नेता?" मास्तर आत देवपूजेला बसले होते. मी सगळ्या सायकलला बांधून आणल्या.

त्यांत ती बाजूला टाकलेलीही होती. मी ती घरी जमिनीवर पसरली आणि या वेळी मात्र वाचली. कार्तिकाच्या वर त्यांनी लिहिलं होतं, 'मी कचेरीत. चौथी: तिसरे मास्तर.' तिसरे मास्तर म्हणजे मी. त्याखाली माझ्यासाठी सगळं मांडून ठेवलेलं. कोणतं पोरगं कुठे अडतं, कोणाला पुढे बसवायचं, कोणत्या गल्लीत केव्हा पांजण. आणि सगळ्यात आधी, पहिल्या आठवड्यात, लाल पेन्सिलीने: 'नवे पैसे आले, आता दशांश आले. तिसऱ्या मास्तरले दशांश येत नाहीत. विचारू नये, लाजते. शाळा सुटल्यावर आपणच जाऊन बसावं. आठ दिवस पुरे.'

ते आठ दिवस आलेच नाहीत. नव्या हेडमास्तरांनी चौथी दुसऱ्या मास्तरांकडेच ठेवली, आणि दशांश मी पुढे पुस्तकातून, धडपडत, कोणाला न सांगता शिकलो. आता बरे येतात. पण कोणी विचारलंच, मास्तर, तुम्हाला दशांश कोणी शिकवले, तर मी दुसऱ्या मास्तरांचं नाव सांगतो. शिकवायचे राहिले; आखणीत होते.