आधीमगची करडी बाई

चष्म्याच्या दुकानात त्याचं काम एवढंच. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल, चाचणीची फ्रेम चढवायची, तिच्यात भिंगामागून भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "आधीचं स्पष्ट, की मगचं?" निम्मं आयुष्य हाच प्रश्न विचारण्यात गेलं. उत्तर गिऱ्हाईक द्यायचं, चष्मा मालक विकायचा, आणि याला कोणी काहीच विचारायचं नाही. ज्याला कोणी काही विचारत नाही, तो माणूस एक तर मुका होतो, नाहीतर तज्ज्ञ होतो. हा तज्ज्ञ झाला.

कशातला, तर भुताच्या सिनेमांतला. तेही सगळ्या भुतांच्या नाही, एकाच घराण्याच्या.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे 'माळ्यावरची' नावाचा सिनेमा. एक कुटुंब नव्या घरात राहायला जातं, माळ्यावर एक करडी बाई आधीच राहत असते, आणि पुढे व्हायचं ते होतं. सिनेमा तुफान चालला. मग कंपनीला हाव सुटली. माळ्यावर एक जुनं शिवणयंत्र दाखवलं होतं, त्याचा वेगळा सिनेमा निघाला. शिवणयंत्रावर कुणाचे तरी हातमोजे पडले होते, त्यांचाही निघाला. मग करड्या बाईचा जन्म कसा झाला ते आलं, आणि ते पुरेना म्हणून 'जन्माच्या आधी' आलं. लोक म्हणायचे, एक दिवस त्या घरातला विजेचा मीटरही हिरो होणार. तो म्हणायचा, "हसा. मीटर दुसऱ्या भागात दिसलाय."

"मग कुठून सुरू करू?" असं कोणी विचारलं की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

"कुठूनही करा, पण पहिल्यापासून नको. पहिला सिनेमा आधी बघणं हे अडाणीपणाचं लक्षण. आधी 'हातमोजे'. मग 'जन्माच्या आधी', पण मध्यंतरापर्यंतच. तिथे उठायचं."

"आणि उरलेला?"

"तो सगळ्यात शेवटी. त्याआधी बघाल तर मातीत जाल."

यावरूनच त्याला 'आधीमग' हे नाव पडलं. त्याला त्याचा राग नव्हता. इतर लोकांना तर बापाच्या नावावर भागवावं लागतं.

श्रोत्यांचीही त्याने सोय करून ठेवली होती. डोळे तपासण्याआधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत थेंब घालावे लागतात. थेंब घातले की डोळे चुरचुरतात, मोबाइल दिसत नाही, आणि बाहुली मोठी होईपर्यंत बाकावर बसून राहण्याशिवाय गत्यंतर नसतं. आधीमग थेंब घालायचा, बाटलीला बूच लावायचा आणि सुरू व्हायचा. पळून जाणारा भिंतीवर आपटला असता, म्हणून सगळे ऐकून घ्यायचे.

त्याचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे 'पुढचा पेशंट'. हा त्याच कंपनीचा एक स्वस्तातला, पडेल सिनेमा. दातांच्या एका मेलेल्या डॉक्टरची खुर्ची आपोआप मागे कलते, एवढीच त्याची गोष्ट. तो या घराण्यातला आहे असं कोणी मानत नव्हतं, बहुधा कंपनीसुद्धा. पण आधीमगने त्यात करडी बाई पकडली. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीशी, अर्ध्या अंधारात ती उभी होती, आणि तिच्यावरून त्याने सगळं घराणं जोडलं. बाई तिथे आहे, म्हणजे डॉक्टर तिचा कोणीतरी लागतो. शिवाय त्या डॉक्टरचं भूत मनाने चांगलं आहे.

"कशावरून?" थेंबवाले विचारायचे.

"चेहरा बघा की! किती सौम्य हसतो."

गावातल्या पोरांनी मोबाइलवर तो सिनेमा पाहिला. मोबाइलवर ती बाई तांदळाच्या दाण्याएवढी. एकदा बाई म्हणून सांगितल्यावर बाईच दिसणार. पोरांनी माना डोलावल्या, आणि आधीमगचं आसन पक्कं झालं.

आता एक गोष्ट, जी फक्त त्याच्या बायकोला माहीत होती. आधीमगचा स्वतःचा नंबर उणे सात. चष्मा काढला की समोरचं माणूस आणि समोरचं कपाट यांत त्याला फक्त उंचीचा फरक कळायचा. आणि सिनेमात दार जरा करकरलं, की हा चष्मा काढायचा. पुसायला म्हणून. पुसता पुसता सिनेमा संपायचा. सगळं घराणं त्याने असं पुसून काढलं होतं. घाबरतो असं म्हणायची सोय नव्हती. तो अभ्यास करायचा.

एक दिवस थिएटरचा मॅनेजर नंबर तपासायला आला, आणि थेंब पडल्यावर त्यालाही करड्या बाईची कथा ऐकावी लागली. पण हा इतर गिऱ्हाइकांपेक्षा वेगळा निघाला. डोळे मिटूनच तो म्हणाला, "घराण्याचा नवा सिनेमा येतोय पुढच्या महिन्यात. त्याआधी रविवारी सकाळी 'पुढचा पेशंट' लावू. बाईपाशी सिनेमा थांबवू. तुम्ही स्टेजवर उभं राहून दाखवायची. जमेल?"

आधीमगने बाटलीला दोनदा बूच लावलं. "आधी थोडं बोलेन, मग दाखवेन," तो म्हणाला.

गावभर पोस्टर लागलं. 'भुतांच्या घराण्याचे जाणकार' असं त्यावर लिहिलं होतं. मालकाने रविवारी सकाळी दुकान बंद ठेवायचं ठरवलं आणि पहिल्यांदाच त्याला "बसा" म्हटलं.

शनिवारी दुपारी भाचीने लॅपटॉप आणला. ही भाची कॉलेजसाठी मामाकडे राहायची. तिची जीभ तिच्या वयापेक्षा मोठी होती. मामी शर्टाला बटण लावत शेजारी बसली. जाता-येता नवऱ्याचं चष्मा पुसणं दिसायचं तेवढंच; भुताचे सिनेमे तिने कधी बसून बघितले नव्हते, कारण वेळ नव्हता. सिनेमा चालू असताना तिचा टाका एकदाही चुकला नाही. आधीमग मागे खुर्चीत, चष्मा पुसत.

"अहो, ती बाई कुठेय तुमची?"

"आता येईल. खिडकीशी. निरखून बघ."

बायकोने निरखून बघितलं. सुई तोंडात धरून बघितलं. "तिथे कोट आहे."

"बाई आहे."

"कोट आहे हो. स्टँडवर टांगलाय. वर टोपी, खाली स्टँडचे तीन पाय. बाईला तीन पाय असतात का?"

"भूत आहे ते."

"भूत झालं म्हणून पाय वाढतात का?"

भाची हसत हसत जमिनीवर लोळली. "मामा, एकदा चष्मा लावून बघा ना!"

"मी हा सिनेमा इतक्यांदा बघितलाय की..."

"चष्मा लावून?"

मग आधीमगने आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "तू मधूनच बघायला बसलीस. क्रमाने बघितलं असतंस तर दिसली असती."

"क्रमाने बघितलं की कोटाची बाई होते?" बायकोने दोरा तोडला. "उद्या अख्खं गाव येणार आहे. एकदा बघून घ्या. मी बसते हवं तर शेजारी."

"काही गरज नाही."

गरज होती, हे त्याला कळलं होतं. उद्या बाई निघाली तर तो गावाचा जाणकार. कोट निघाला तर चष्म्याच्या दुकानातला असा माणूस, ज्याला स्वतःलाच दिसत नाही. दोघी बाजारात गेल्यावर त्याने दार लावलं, पडदे उघडे ठेवले, रेडिओ लावला आणि चष्मा घालून लॅपटॉपसमोर बसला. खिडकीचं ते दृश्य यायच्या जरा आधी खुर्ची हळूच मागे कलते आणि दात कोरायचं यंत्र आपोआप सुरू होतं. भर दुपारी, रेडिओवर भाजीचे भाव चालू असताना, ते यंत्र घुर्रर्र झालं.

त्याने चष्मा काढला. काचांवर खरंच धूळ होती. खिडकीशी करडं, उंच, धूसर काहीतरी उभं राहिलं, आणि ते बाईसारखंच होतं. आधीमगला बरं वाटलं.

रविवारी थिएटर भरलं. स्टेजवर जाताना त्याने दुकानातली छडी आणली होती, तक्त्यावरची अक्षरं दाखवायची. त्याने घराण्याची वंशावळ सांगितली, पहिला सिनेमा आधी बघणाऱ्यांची कीव केली, आणि दिवे मालवले. सिनेमा सुरू झाला. खुर्ची कलली, यंत्र घुरघुरलं, लोक दचकले. आधीमग बाजूला उभा राहून चष्मा पुसत होता. मग खिडकी आली आणि ऑपरेटरने सिनेमा थांबवला.

आधीमग पुढे झाला. दोन मजली पडद्यावर करडा ढग होता. त्याने त्या ढगाच्या पोटावर छडी टेकवली. "सांगा, दिसली?"

सगळे गप्प. ही भक्तीची शांतता असावी असं त्याला वाटलं.

मागून एकजण म्हणाला, "कोट आहे की हो."

"टोपीपण आहे!"

"आधी नीट बघा, मग बोला," आधीमगने छडी आपटली. हे तो रोज म्हणायचा.

"अरे, बटणं मोजता येतायत!" हा मालकाचा आवाज. तो सगळ्यांत पुढच्या रांगेत बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांवर स्वतःच्याच दुकानातला चष्मा होता.

हसण्याची लाट मागून पुढे यायला लागली. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून बायकोचा आवाज आला. मोठा नव्हता, पण घरातला असल्यामुळे त्याला नेमका ऐकू गेला. "अहो, चष्मा लावा."

त्याने लावला. वळून वर बघितलं. कोट होता. चांगल्या शिलाईचा, करड्या लोकरीचा, एक बटण लोंबकळणारा. खिशातून छत्रीची मूठ डोकावत होती. इतकी वर्षं जिच्यावर सगळं घराणं टांगलं, तीच स्टँडवर टांगलेली होती.

आधीमग तोंड उघडून बघत राहिला. त्याचं बघून झालं असेल असं समजून ऑपरेटरने सिनेमा पुढे सुरू केला. पुढच्याच क्षणाला डॉक्टर पडदाभर आला. सौम्य हसू म्हणजे काय, ते आधीमगला तेव्हा समजलं. डॉक्टरला खालचा जबडाच नव्हता.

छडी कुठे गेली ते पुढे कोणालाच सापडलं नाही. आधीमग मात्र मॅनेजरच्या मांडीवर सापडला. तो जे ओरडला ते शब्द नव्हते, आणि थिएटरमध्ये त्या सिनेमाला एवढे हशे कधीच मिळाले नव्हते.

सोमवारी तो मान खाली घालून दुकानात गेला. "बसा" पुन्हा "थेंब घाल" झालं होतं. दुपारपर्यंत त्याने तीन गिऱ्हाइकांना थेंब घातले आणि एक अक्षर बोलला नाही; ती बिचारी कंटाळून गेली. संध्याकाळी त्याच्या चेल्यांपैकी दोन पोरं आली. हा चष्मा पुसायला लागला. शिव्या खायची त्याची तयारी होती.

"सर, आम्ही रात्रभर विचार केला," त्यातला एक म्हणाला. "तो कोट बाईचा आहे."

"काय?"

"बाई कोट काढून आत गेलीय. म्हणजे ती त्या सीनमध्ये आहे, फक्त दिसत नाही. म्हणजे तुमचं बरोबरच होतं."

आधीमगने पोराकडे बघितलं. पोराचे डोळे निरोगी होते, नंबर नसलेले, आणि त्यांत शंकेचा कणही नव्हता. खरं सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. आधीमगने काचेवर फुंकर मारली.

"हे तुम्हाला आत्ता कळलं?" तो म्हणाला.

कंपनीच्या कानावर हे गेलं, की तिथेही अशीच पोरं नोकरीला आहेत, कोण जाणे. पण पुढच्या वर्षी घराण्याचा आणखी एक सिनेमा आला, आणि त्याचं नाव 'कोट'.

या वेळी बायकोने बजावलं की ती बरोबर येणार. दिवे मालवले. पडद्यावर एक दार करकरलं. आधीमगचा हात चष्म्याकडे गेला. बायकोने तो अर्ध्या वाटेत धरला.

"राहू दे."

"पुसायचाय."

"मी घरून पुसून आणलाय."

चष्मा जागेवर राहिला. हातही तिने सोडला नाही. थोड्या वेळाने तिने वळून बघितलं, तर चष्म्याच्या स्वच्छ काचांमागे डोळे गच्च मिटलेले.

"अहो!"

"हळू बोल. आधी तू सांग काय दिसतंय. मग मी सांगतो त्याचा अर्थ."

बायकोने सुस्कारा टाकला आणि पडद्याकडे बघितलं. "खोली आहे. खिडकी आहे. खिडकीशी एक बाई उभी आहे, करडी."

"नक्की बाईच?"

"बाईच. दोन पाय आहेत."

आधीमगने मिटल्या डोळ्यांनी मान हलवली. "वाटलंच," तो म्हणाला. "तो कोट असणार."