सागवानी कठड्याचा भाव

रोमहून नवे नियम आले तेव्हा आमच्या चर्चमधली लॅटिन बंद झाली आणि फादर लोकांकडे तोंड करून मिस्सा म्हणू लागले. वेदीपुढचा सागवानी कठडाही निघाला. त्याच्यापुढे गुडघे टेकून माझ्या आईने जन्मभर ओस्ती, म्हणजे प्रसादाची पातळ भाकर, घेतली होती. कठडा गेला कुठे, असं विचारलं की फादर म्हणायचे, "वाळवी लागली होती. सरपणात गेला." त्याच सुमारास त्यांच्या बुडाखाली नवी मोटारसायकल आली. कोणा भाविकाची देणगी म्हणे.

मी जुन्या लाकडाचा धंदा करतो. पाडलेल्या घरांच्या तुळया आणि दारं विकून वर आलो, कोणाच्या आशीर्वादाने नाही. एकदा शहरातल्या सदर भागात एका हॉटेलात दारांचा सौदा करायला गेलो, तर फॅमिली रूमचा आडोसा म्हणून आमचा कठडा उभा. द्राक्षांचे घोस, गव्हाच्या ओंब्या, सगळं जागच्या जागी. वर ओला पंचा वाळत घातलेला. मालक सरळ माणूस. म्हणाला, "तुमच्या फादरनंच विकला. नगदीच पाहिजे म्हणाले."

मी हे आमच्या मास्तरांना सांगितलं. मास्तर चर्चमागच्या खोलीत राहून मुलांना धर्मशिक्षण द्यायचे. रविवारी मिस्सा सुटल्यावर आम्ही दोघांनी फादरला अंगणात गाठलं. माझा आवाज फाटकाबाहेर गेला. मास्तरांनी हळूच विचारलं, "फादर, सरपणात गेलेला कठडा सदरच्या हॉटेलात कसा उभा आहे?"

फादर लाल झाले आणि आत निघून गेले. अंगणात मात्र दोन तट पडले.

"फादरले असं बोलतेत का वं? पाप लागन!" एक बाई म्हणाली.

"अन् देवाचं लाकूड विकनाऱ्याले काय लागन? मोटारसायकल?" दुसरीने सुनावलं.

मिस्सेत झोपणारेही त्या दिवशी टक्क जागे होते.

मग बिशपसाहेबांनी न्याय केला. फादरची बदली झाली. मोठ्या चर्चमध्ये, मोटारसायकलसकट. मास्तरांना अवज्ञेबद्दल काढून टाकलं, खोली रिकामी करायला लावली, आणि पुढच्या रविवारी अफवा पसरवणाऱ्यांना सुबुद्धी मिळावी म्हणून प्रार्थना झाली. मला कोणी हात लावला नाही. काढून घ्यावं असं त्यांनी दिलेलं माझ्याजवळ काही नव्हतंच. कोणाला दाबायचं आणि कोणाला सोडायचं, एवढी अक्कल त्या झग्यांत भरपूर. मास्तर उमरेडला भावाकडे गेले.

काही वर्षांनी हॉटेलवाल्याला सनमायकाची हौस आली. कठडा मी विकत घेतला. बिशपसाहेबांच्या कानावर गेलं, आणि नव्या चॅपलसाठी त्यांना नेमका तोच हवा झाला. मला बोलावून त्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली.

"चर्चची वस्तू चर्चकडे परत यावी," ते म्हणाले. "संगमरवरावर तुमचं नाव कोरू."

"नाव नको, पैसाही नको. मिस्सेत सगळ्यांसमोर एक वाक्य बोला, मास्तर खरं बोलले होते म्हणून. कठडा मी स्वतः आणून बसवतो."

"त्यानं भाविकांची मनं दुखावतील."

"कठड्यावर पंचा वाळत होता तेव्हा नाही दुखावली?"

त्यांनी रुमालाने ओठ टिपले आणि घासाघीस सुरू केली. बाजारातली भाजीवाली बरी, ती निदान तराजू समोर धरते. शेवटी म्हणाले, "मास्तरांना परत कामावर घेतो. खोलीही देतो. पण गाजावाजा नको. ते वाक्य सोडा."

हा सौदा माझ्या एकट्याचा नव्हता. दुसऱ्या दिवशी एसटीने उमरेड गाठलं. मास्तर ओसरीवर भावाच्या नातवंडांना घेऊन बसले होते.

"मास्तर, साहेब नोकरी अन् खोली देऊन राहिले. तुम्ही हो म्हना, कठडा आजच टाकून येतो."

मास्तरांनी मांडीवरचं नातवंड खाली उतरवलं. मग म्हणाले, "त्या खोलीत चुपचाप जाऊन बसलो, तर मी शिकवलेली पोरं काय समजतीन गा? मास्तरनं माफी मागितली. मी खोटं बोललो नाही, एवढं त्यायले समजलं पाहिजे. खोलीचं काय करू?" आणि पहिल्यांदाच हसले. "तू तं एवढा सौदेबाज. भाव नको उतरवू."

मी उतरवला नाही. मास्तर उमरेडलाच वारले. बिशपसाहेब बदलले, आणि नव्यांचा माणूसही येऊन कठड्यावर हात फिरवून गेला. मी त्याला चहा पाजला आणि भाव सांगितला. तो परत आला नाही. कठडा माझ्या गोदामात भिंतीला टेकून उभा आहे, आणि भाव अजून तोच आहे.