अण्णांचा संप

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अण्णा बैठकीच्या खोलीत पालथे पडून माशांच्या टाकीखालच्या कपाटात टॉर्च मारत होते. धारूरला त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली होती. मला बघून ते उठले नाहीत. "बाई, चहा सांगतो. आदी ह्या पान्याचा वास घेऊन बघा," म्हणाले.

अण्णांचा जन्म शेळ्या-म्हशी राखण्यात गेला. गुडघे गेले तशी जनावरं विकावी लागली, म्हणून मुलाने ही काचेची टाकी आणून दिली. "जित्राब ते जित्राब," अण्णा म्हणायचे, "पान्यात ऱ्हातंय एवढंच." वरचं घाण पाणी कपाटातल्या दुसऱ्या टाकीत, म्हणजे संपात, उतरवायचं, गाळायचं आणि पंपाने परत वर चढवायचं, असा संप त्यांनी स्वतःच आखला, तोही गोठ्यासारखा. पहिल्या कप्प्यात स्पंज, "ही मोरी." दुसऱ्यात भोकाभोकांचे दगड, "हा उकिरडा, हितं घाण मुरती." तिसऱ्यात पंप.

"घरात संप करायचा हाय," त्यांनी बायकोला, म्हणजे काकूंना, सांगितलं.

"तो मीच करनार हाय," काकू म्हणाल्या.

पाणी जितकं जास्त तितकं बरं, म्हणून अण्णांनी संप काठोकाठ भरला. धाकट्या लेकीला बघायला कडा गावचे पाहुणे आले, पोहे पुढे ठेवले आणि लाईट गेली. पंप थांबला. वरचं पाणी पंपाच्याच नळीतून उलटं खाली आलं आणि कपाटातून सतरंजीवर. अण्णा गुडघे धरून उठेपर्यंत पाहुण्यांतल्या नवऱ्या मुलाच्या वडिलांनी बाही वर केली, वरच्या टाकीत हात घातला आणि नळीचं तोंड पाण्याबाहेर उचललं. धार थांबली.

"नळीला पान्याच्या जरा खाली भोक पाडा," ते म्हणाले. "तितून हवा शिरली की पानी उलटं येत न्हाई. शेततळ्यावर माजं असंच झालतं."

मग दोघं ओल्या सतरंजीवर बसून भोकाची जागा ठरवू लागले. पोहे गार झाले. मुलगा आणि मुलगी मिळून फरशी पुसत होती; त्यांचं जे बोलणं व्हायचं ते तिथंच झालं, आणि सोयरीक जमली.

त्यानंतर अण्णांनी संप कायम अर्धाच भरला. "खालच्यानं जागा ठिवावी, बाई. वरचा कवा अंगावर येईल, सांगता येत न्हाई."

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. तेराव्याला काकू व्याह्यांना म्हणाल्या, "हे मासे आता तुमी न्या. मला न्हाई जमायचं."

व्याह्यांनी बाही वर करून नळीचं भोक चाचपून बघितलं. "ऱ्हाऊ द्या हितंच," म्हणाले. "पानी बदलायला मी येत जाईन."

कडा काही जवळ नाही. दोन एसट्या बदलाव्या लागतात. ते दर महिन्याला येतात.