ई नावाचा खुंटा

मुलांनो, गेल्या रविवारी तुमच्यातल्या धाकट्याने फोनवर सांगितले, "आजी, बैल परत येतो ती गोष्ट पाठव. पण तू सांगायची नाहीस. पलूसच्या आजीच्या आवाजातली हवी." मी "पाठवते" म्हटले आणि चार दिवस पाठवली नाही. त्या चार दिवसांत काय झाले ते लगेच लिहून ठेवते आहे. उद्या हा कॉम्प्युटर तुम्हाला उघडावा लागला, तर काय कुठे आहे ते कळावे.

पलूसची आजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. त्या जाण्याआधीच्या वर्षात मी कोरेगावहून त्यांच्याकडे गेले की तुम्ही पाठवलेले प्रश्न त्यांना विचारायची आणि उत्तरे फोनवर रेकॉर्ड करायची. अशा एकवीस फाइली झाल्या. त्या मी काळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्या, फोनमधून पुसल्या आणि कॉम्प्युटरवर एक यादी केली. नावावर क्लिक केले की वन्सं बोलू लागत. दुसरी प्रत काढायची राहून गेली, हे कबूल करते.

कॉम्प्युटर त्या डिस्कला 'ई' म्हणत असे. स्टीलच्या भांड्यांवर आपण नाव घालून घेतो, तशी मी डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवून ठळक 'ई' लिहिला होता. डबा कुठेही गेला तरी नाव त्याच्याबरोबर जाते, असा माझा हिशेब.

सोमवारी मी यादीतल्या बैलावर क्लिक केले. फाइल सापडत नाही, असे उत्तर आले. दुसऱ्या नावावर केले, तिसऱ्यावर केले, तेच. 'ई' उघडून पाहिला तर आत आष्ट्यातल्या एका लग्नाचे फोटो! हळद, वरात आणि आइस्क्रीमची दुसरी वाटी हातात घेतलेले तुमचे आजोबा. वन्सं कुठेच नाहीत.

"अहो, तुम्ही कॉम्प्युटरला हात लावलात?"

"काय न्हाई गं. तुझी काळी डबी काढली न् पेन ड्राइव्ह लावला. लग्नाचं फोटो बघायचं व्हतं."

"काढण्याआधी त्याला सांगितलंत का?"

"कुणाला?"

"कॉम्प्युटरला."

"आता त्याचीबी परवानगी? फौजेत सुट्टीला एवढं इचारावं लागत नव्हतं!"

मला हसू आले नाही. लग्नाचे फोटो वन्संच्या आवाजावर चढले, अशी माझी खात्री झाली होती. काळी डिस्क मी कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावून पाहिली. तिचा दिवा लागला, पण पडद्यावर काही आले नाही. त्या दिवशी मी आजोबांशी फक्त जेवायला वाढण्यापुरते बोलले.

मंगळवारी राग उतरला आणि कुतूहल वर आले. 'ई'वर एकूण जागा किती, ते पाहिले. काळ्या डिस्कच्या मानाने ती फारच थोडी होती. दहा किलोच्या डब्याला घरात कोणी वाटी म्हणत नाही. म्हणजे हा 'ई' माझा नव्हताच. तो आजोबांचा पेन ड्राइव्ह होता. मग माझी डिस्क कुठे होती?

बुधवारचा दिवस इंग्रजी मदतीची पाने वाचण्यात गेला. तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवूनही मला प्रत्येक वाक्य दोनदा वाचावे लागले. शेवटी 'डिस्क मॅनेजमेंट' नावाची खिडकी उघडली. तिथे खालच्या ओळीत माझी डिस्क होती, जागा पूर्ण, तब्येत ठीक. फक्त तिच्यापुढे अक्षर नव्हते; एरवी कॉम्प्युटर दुसरे मोकळे अक्षर देतो, या वेळी त्याने दिले नव्हते.

आजोबा मागे येऊन उभे होते. त्यांनी चष्मा लावला, नीट पाहिले आणि म्हणाले, "आगं, ह्यो आक्काचा बैलच की! आलाय घरी, पर त्याच्या खुंट्याला दुसराच बांधलाय."

तुम्हाला आठवेल. आष्ट्याच्या बाजारात विकलेला बैल तिसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन पलूसला परत आला. वन्संच्या शब्दांत, "आला खरा, पर त्याच्या खुंट्याला नवा बैल. मग ह्यो आपला अंगणात हुबा. आत बी येईना, न् जाई बी ना."

अक्षर डिस्कचे नसते, हे मला तेव्हा समजले. ते कॉम्प्युटरच्या दावणीतल्या खुंट्याचे असते. माझी डिस्क निघाली, खुंटा मोकळा झाला, पेन ड्राइव्ह तिथे बांधला गेला. माझी यादी मात्र प्रत्येक वेळी त्याच खुंट्याशी जाऊन वन्संना हाक मारत होती.

गुरुवारी मी पेन ड्राइव्ह काढला, या वेळी रीतसर सांगून. मग त्या खिडकीत डिस्कवर उजवे बटण दाबले. अक्षर बदलण्याची ओळ सापडली आणि तिच्या लगेच खाली 'फॉरमॅट' लिहिलेले होते. ते दाबले असते तर बैलासकट गोठा धुऊन निघाला असता. मी माउसवरून हात काढला, चष्मा पुसला, आणि आजोबांना अक्षर बदलण्याची ओळ मोठ्याने वाचायला लावली. त्यांनी इंग्रजी ओळ एकेक अक्षर लावत वाचली. मग मी वरची ओळ दाबली.

जुना 'ई' मी परत घेतला नाही. तो खुंटा दाराजवळचा, येणारा जाणारा तिथेच बांधला जाणार. मी वन्संचा 'व्ही' निवडला; इतक्या लांब कोणताही पेन ड्राइव्ह सहसा जात नाही. यादीतली एकवीस ठिकाणे हाताने बदलली आणि प्रत्येक फाइल शेवटपर्यंत ऐकली. बैलाची गोष्ट लागली तेव्हा आजोबा पायरीवर जाऊन बसले आणि संपल्यावर म्हणाले, "परत लाव."

बैलाची गोष्ट तुम्हाला पाठवली आहे. पांढरी पट्टी मी काढून टाकली. दुसऱ्या डिस्कवर प्रत केली आहे. ती कपाटात, पासपोर्टच्या पाकिटाजवळ आहे.

एकवीसही फाइली शाबूत आहेत. शेवटची अर्ध्यावर थांबते, पण ती यंत्राने तोडलेली नाही. वन्संच म्हणतात, "बंद कर ते आता. च्या टाक."